सातफणीला 'तिफण' म्हणावं का?

गोदाकाठ:
तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं, तीन फणांचं (माती उकरणाऱ्या दात्यांचं) पेरणीचं अवजार. पण परभणी-हिंगोलीकडं आता ट्रॅक्टरमागच्या पाच, सात, नऊ फणांच्या पेरणी यंत्रालाही सर्रास 'तिफण' म्हणू लागलेत. माझा याला विरोध आहे. 'ति' म्हणजे तीन, आणि बैलपेरणीचा सगळा हिशोब त्या तीनावर बसवलेला आहे. अठरा इंची (दोन ओळींत 45 सें.मी.) पेरणीत एकरात साधारण 9 किलोमीटर तासं (पेरणीच्या ओळी) पडतात, म्हणजे तिफणीचे बैल 3 किलोमीटर चालतात. सोयाबीन एकरी 30 किलो धरलं तर तिफणीच्या दर 100 मीटर चालीला 1 किलो बी सुटायला पाहिजे. हेच 'तिफणीला शंभर मीटरला किलो' कुणी सातफणीला लावलं तर एकरात जेमतेम 13 किलो पडेल, रान विरळ होईल. पाभर, कुरी या पेरणीच्याच दुसऱ्या अवजारांच्या नावांत आकडाच नाही, म्हणून 'चार फणी पाभर' चालतं. 'सात फणी तिफण' कसं चालेल?

बांधावरून:
चालतंय की! तिवई तीन पायांची म्हणून तिवई. आज चार पायांच्या तिवया घरोघरी आहेत आणि कुणाचं अडत नाही. गावात 'तिफण निघाली' म्हटलं की पेरणी लागली, एवढंच लोक समजतात.
आणि तुमच्या हिशोबात नुसता तीन आकडा पुरतच नाही. हरभऱ्याला बारा इंची तिफण धरली की फण तीनच, पण एकरातली तासं 9 वरून साडेतेरा किलोमीटरच्या आसपास जातात. मग शंभर मीटरचा किलो कुठं राहिला? इंच सांगावेच लागतात, तसे फणही सांगावेत: 'सातफणी, अठरा इंची'. नाव बदलायची गरज नाही.

चाड्यावरची मूठ:
दोघंही फण मोजताय, मला फरक चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत दिसतो. तिफणीत बी मुठीतून चाड्यात सुटतं, चाड्याच्या तीन भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून फणामागं मातीत. मूठ जड झाली की तास दाट, पेरणारा थकला की विरळ. वाफसा (पेरणीजोगी ओल) नसताना, रान चिखलाचं असताना पेरलं तर फणामागचं तोंड चिखलानं बुजतं, नळा तुंबतो आणि त्या तासाचा खाडा पडतो, म्हणजे ओळ रिकामी राहते. पण पेरणाऱ्याचा डोळा चाड्यावर असतो, बी साचलेलं लगेच दिसतं. यंत्रात चाकावर फिरणारी चकती बी सोडते, पेटी बंद असते. तुंबलेला नळा कळतो तो उगवण झाल्यावर, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायच्या वेळी. म्हणून मुठीनं पेरते ती तिफण, चकतीनं पेरतं ते पेरणी यंत्र.
यंत्राचं माप आधी घरीच बघावं. यंत्र टेकूवर उचला, प्रत्येक नळ्याला पिशवी बांधा. चाकाचा घेर दीड मीटर असेल तर 20 फेरे म्हणजे 30 मीटर. अठरा इंचीला एकरी 30 किलो हवं तर प्रत्येक पिशवीत 100 ग्रॅम यायला पाहिजे, सातांत मिळून 700. एखादीत 70 भरलं तर ती चकती झिजलीय किंवा भोक अडलंय. रानात चाक थोडं घसरतं, म्हणून बी किंचित कमीच पडतं हे धरून चाला.

गोदाकाठ:
मूठ-चकतीचा फरक मान्य, पण तीनाचं महत्त्व त्यानं कमी होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीन-तूर 4:2 ची, म्हणजे चार तासं सोयाबीन अन् दोन तूर अशी शिफारस घ्या. सहा तासं म्हणजे तिफणीच्या बरोबर दोन चाली. पहिलीत तिन्ही नळे सोयाबीन. दुसरीत एक नळा सोयाबीन, चाड्याची दोन भोकं चिंधीच्या बोळ्यानं बंद आणि त्या दोन तासांत मागं बांधलेल्या सरत्यांतून (हातानं बी सोडायच्या सुट्या नळ्यांतून) तूर. सातफणीत हे बसतच नाही, एक फण बंद करावा लागतो. पुष्कळ जण करत नाहीत, मग पाच तासं सोयाबीन अन् दोन तूर होतात आणि वर म्हणतात, तिफणीनं 4:2 पेरलं.

बांधावरून:
ती चूक नावाची नाही, न सांगण्याची आहे. सातवा फण काढला तर दोन चालींमधलं अंतरही नव्यानं जुळवावं लागतं; चालकानं जुन्याच खुणेवर चाक धरलं तर प्रत्येक चालीत अठराऐवजी छत्तीस इंचांचा पट्टा मोकळा सुटतो. भाडं ठरवतानाच फण किती, इंच किती, कोणत्या नळ्यात कोणतं बी हे बोलून घ्या. आमच्याकडं तिला तिफणच म्हणणार.