पोलो जीटीले लोअरिंग स्प्रिंग टाकू का? अंजनगाव सुर्जीकडचे रस्ते ध्यानात घेऊन सांगा

अंजनगाव_जीटी:
भाऊहो, पोलो जीटी टीएसआय आहे, २०१७ ची, सेकंड हॅण्ड घेतली, व्हील कंपनीचेच १६ इंची. गाडी रोजची आहे, मिरवाची नाही. अमरावतीले जाणं-येणं, कधी दर्यापूरकडून अकोला, अन् सुट्टी भेटली की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, खरी मजा तिथंच. इंजिनले तोड नाही पण वळणात गाडी झुकते लय, अन् चाकाच्या वर एवढी फट दिसते की मांजर आरामात झोपन. म्हणून लोअरिंग स्प्रिंगचा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगचा विचार करून रायलो. आयबाखचं प्रो-किट पाहिलं, एच अँड आर पाहिलं, कोब्रा पण आहे, आन इथला एक मिस्त्री म्हणते कायले पैसे घालता, आहे तीच स्प्रिंग एक वेढा कापून देतो. बजेट स्प्रिंगपुरतंच आहे, शॉकअप्सर जुनेच ठेवीन म्हणतो. घरापासून डांबरी रोडपर्यंत पांदण आहे अन् संत्र्याच्या सीझनमध्ये डिक्कीत क्रेट असतेच. ३० मिमी चालन का ४० घेऊ?

नागपूरचा_टर्बो:
घे बिनधास्त. माझी ३० नं खाली आहे, वर्धा रोडले काहीच त्रास नाही, दिसते बी भारी. ४० नको.

गॅरेज_परतवाडा:
वर्धा रोडले काऊन त्रास होईन भाऊ, तिकडं सिमेंट आहे. या पोट्ट्याले पांदणीतून निंघाचं आहे.

पहिले एक गोष्ट समजून घे, डब्यावर जे ३० मिमी लिहून राहते ते युरोपातल्या पोलोच्या उंचीवरून मोजलेलं असते. आपल्याकडची पोलो कंपनीनंच उंच करून दिली आहे, म्हणजे तिकडची स्प्रिंग इथं बसवली की गाडी लिहिलेल्यापेक्षा जास्त खाली बसते. ज्यानं त्यानं ३० समजून घ्याची आन मंग घरी टेप लावून पाहत बसाचं.

दुसरं, उंचीच्या नादात लोकं ट्रॅव्हल, म्हणजे चाकाले वर-खाली व्हाची जागा विसरते. चाक वर यायले बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटी लागणाऱ्या रबरापर्यंत, समज ६० मिमी जागा आहे, त्यातली ३० तू उभ्या गाडीतच खाऊन टाकली. आता तोच दणका अर्ध्या जागेत जिरवाचा तं हिशेबानं स्प्रिंग चौपट कडक पायजे, आन तेवढी कडक कोणी किटमध्ये देत नाही, दिली तं तूच परत आणून देशीन. मंग होते काय, गाडी रबरावर आदळते, आन रबरावर आदळली की स्प्रिंग कोणत्या कंपनीची याले काही अर्थ नाही. दर्यापूरकडचा खारपाणपट्टा तुले माहीतच आहे, काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचं डांबर लाटा धरते. अशा लाटेवर ८० नं गेला तं पहिल्या लाटेत गाडी दबते, दुसरीत सावरत नाही, तिसरीत खाली टेकते. तिथं काम शॉकअप्सरचं आहे, आन तुझे २०१७ चे आहे. जुन्या शॉकवर कडक स्प्रिंग टाकली तं तो तिले आवरूच शकत नाही.

झुकण्याचं म्हणशीन तं, पुढं मॅकफर्सन सस्पेंशन आहे, स्प्रिंग आन शॉक एकाच खांबात. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाक धरणारे खालचे दांडे) उताणे होते, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, बॉडीपेक्षा जास्त खाली जाते, म्हणजे झुकवणारा जोर उलट वाढते. स्प्रिंग कडक असल्यानं थोडं भरून निंघते, पण दिसाले खाली म्हणजे वळणात सपाट असं नाही.

कापाचं नाव बी काढू नको. गॅस कटरनं तापली की पोलादाचा ताव जाते. मागं तं तुझी स्प्रिंग शॉकपासून वेगळी आहे, नुसती बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) आन बॉडीच्या मधात बसलेली, आखूड केली आन चाक खड्ड्यावरून लटकलं की जागेवरून सरकते.

डांबरवाला:
मी रस्त्याच्या कामावर असतो म्हणून वेगळं सांगतो. इंडियन रोड काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर लांब, १७ मीटर त्रिज्येचा गोल असतो. पोलोच्या दोन चाकांतलं अंतर अडीच मीटरला जरा कमी, म्हणजे अख्खी गाडी त्याच्यावर उभी राहते आणि पोटाखाली फुगवटा येतो फक्त साडेचार सेमीचा. तिथं लोअर केलेली गाडीही निघून जाते. लोचा आहे तो गावातल्या लोकांनी रात्रीतून टाकलेल्या सिमेंटच्या गोट्याचा. तो हातभर रुंद असतो, त्यामुळं जेवढी उंची तेवढी पूर्ण पोटाला पाहिजे. किट नंतर पाहा, आधी टेप घेऊन तुमच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट ब्रेकर मोजा, आणि गाडी रिकामी नाही, भरलेली मोजा.

खामगाव_एक्सप्रेस:
कायद्याचं बी पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीनं दिलेल्या रूपात बदल चालत नाही, आन २०१९ च्या दुरुस्तीनं १८२अ आलं, त्यात एका बदलामागं पाच हजार दंड लिहिला आहे. रस्त्यात कोणी स्प्रिंग मोजत नाही हे खरं, पण अपघात झाला की विमावाला सगळं मोजते.

अंजनगाव_जीटी:
मोजलं दादा. शाळेसमोरचा ब्रेकर १४ सेमी आहे. दोघं बसून, मागं क्रेट ठेवून इंजिन गार्डखाली पट्टी लावली तं १५ भरली नाही. म्हणजे आत्ताच घासत घासत जात असन, मले वाटे रबरी मॅटचा आवाज आहे. पण ती फट डोळ्यात सलते ना बाप्पा, अन् घाटात झुकणं तं आहेच. मंग करू काय?

गॅरेज_परतवाडा:
मंग ३० चा विषयच संपला ना. स्प्रिंगचे पैसे शॉकमध्ये टाक. बिल्स्टीनचे बी६ कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंगसाठी आहे, बी८ आखूड आहे, ते लोअर केलेल्या गाडीचे, दुकानदार जे असन ते खपवाले पाहीन, तू बी६ च माग. गाडी तेवढीच झुकन, पण एकदम कलंडल्यासारखी नाही झुकनार, वळणात शिरताना फरक कळते. पैसे कमी पडले तं कंपनीचे नवे टाक, तेवढ्यानंही गाडी वेगळी वाटन. फटीसाठी टायर संपले की १९५/५५ च्या जागी २०५/५५ आर १६ घे. ११ मिमी व्यास वाढते, म्हणजे फट थोडी भरते आन गाडी उलट पाचेक मिमी उंच होते. काट्यावर तेवढाच आकडा असला तरी खरा स्पीड पहिलेपेक्षा किंचित जास्त राहीन, ते ध्यानात ठेव. चाक पूर्ण वळवून आत घासते का ते पाहूनच पैसे दे.

नागपूरचा_टर्बो:
हे काय, लोअर कराले आला आन उंच करून पाठवून रायले 😄

गॅरेज_परतवाडा:
तू इकडं ये एकदा, शाळेसमोरून काढून दाखव.

अंजनगाव_जीटी, मिस्त्री कोणताही कर पण दोन गोष्टी डोळ्यासमोर करून घे. टॉप माउंट (शॉकच्या वरचा रबरी आधार) आन त्याची बेअरिंग शॉकसंगंच नवी टाक, नाही तं स्टेअरिंग वळवलं की कटकट आवाज येते आन मजुरी परत द्या. आन लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट ढिले केले असन तं शेवटचे कसणे गाडी चाकावर उभी असताना. जॅकवर लटकलेली असताना कसले तं रबर कायमचं पिळलेलं राहते, लवकर फाटते. अलाइनमेंट थोडं चालवून मंगच करजो, मागचं बीम आहे, तिथं सेट कराले काही नाही, पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते, बरोबर आला म्हणजे झालं. जुने माउंट निंघाले की फोटो टाक इथं, किती दबले ते पाहू.