रि: मुलेहेला कोणी गेलंय का?

प्रेषक: चुला व्हिस्टाकर

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि दोन पोरं सॅन दिएगोहून गाडीने मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात उतरायचं म्हणतोय, मुलेहे गावापर्यंत. हजारेक किलोमीटर दिसतंय. रस्ता कसा आहे, मुलांना बघण्यासारखं काय आहे, आणि मासे बरे मिळतात का? बायको रत्नागिरीची आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न खरं तर पहिला.

ता. क. गणपतीच्या वर्गणीचा चेक टाकलाय. कृपया चौथ्यांदा आठवण करू नये.

---

प्रेषक: काका, एल कहोन

अरे, रस्त्याचं मला विचारू नकोस. मी मुलेहेला अकरा वेळा गेलो आणि एकदाही रस्त्याने नाही.

आम्ही चौघांनी मिळून एक जुनं सेस्ना १८२, म्हणजे चार जणांचं छोटं विमान, घेतलं होतं. चौघांत मराठी मी एकटाच. १९७८ च्या थँक्सगिव्हिंगला हिला पहिल्यांदा घेऊन गेलो. इथल्या गिलेस्पी फील्ड विमानतळावरून उडायचं, सीमेवरच्या मेक्सिकालीला उतरून कागदांवर शिक्के मारून घ्यायचे आणि मग कोर्तेझचा समुद्र डाव्या हाताला धरून खाली खाली जायचं. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला नुसते तांबडे डोंगर, मध्ये तासन्‌तास माणूस नाही. मेक्सिकोत रात्री नजरेच्या भरवशावर उडायला बंदी, म्हणजे दिवस मावळायच्या आत चाकं जमिनीला लागलीच पाहिजेत. तिथे नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमाराला अंधारायला लागतं. आपण निवांत, आणि मनगटावरचं घड्याळ सॅन दिएगोचं, एक तास मागे! पहिल्या खेपेला मी याच तासात अडकणार होतो. हिला तेव्हा सांगितलं नव्हतं.

हॉटेल सेरेनिदाद. मुलेहेची नदी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळ, आणि धावपट्टी हॉटेलच्या अगदी दारात. मातीची, चार हजार फूट. उतरण्याआधी एक घिरटी खालून घालायची. ती रुबाबासाठी नव्हे, पट्टीवर गाय किंवा गाढव असलं तर ते कोणीतरी हाकलावं म्हणून. मग विमान चालवत थेट फाटकापर्यंत न्यायचं आणि वाड्याबाहेर बैलगाडी सोडावी तसं तिथे बांधून ठेवायचं.

बाहातल्या बऱ्याच पट्ट्यांवर त्या काळी पेट्रोल पिंपातून हातपंपाने मिळायचं, आणि ते मऊ कातड्यातून गाळून घ्यावं लागे. पाणी राहिलं तर ते उड्डाण करताना कळतं, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो.

शनिवारी अख्खं डुक्कर भाजायचे. तेवढ्यासाठी दुपारपासून विमानं एकामागून एक उतरायची, जत्रेच्या दिवशीचा एस.टी. स्टँड जणू. वैमानिकांच्या गप्पांचे विषय दोनच: काल वारा किती होता आणि आज मासा केवढा होता. वाऱ्याबद्दल लोक खरं बोलायचे.

पहाटे पांगा. पांगा म्हणजे उंच नाकाचं, मागे मोटार लावलेलं होडकं. अकरा वाजेपर्यंत परत यायचं, कारण नंतर उत्तरेचा वारा समुद्र खवळवतो. हिवाळ्यात मिळायची ती सिएरा. ही आपल्या सुरमईची चुलत बहीण. शास्त्रीय नावातलं आडनाव दोघींचं एकच, स्कोंबरोमोरस. आपलीच्या अंगावर पट्टे, हिच्या अंगावर सोनेरी ठिपके.

आता मुख्य गोष्ट. तिथे येणारे गोरे लोक माशाच्या बिनकाट्याच्या तुकड्या तेवढ्या बर्फात घालून न्यायचे. डोकी टबात. आमच्या हिला, देवगडच्या लेकीला, ते बघवेना. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो, ‘ला काबेसा, ला काबेसा’ म्हणत माशाकडे बोट दाखवलं, मग स्वतःचं डोकं दाखवलं. आतली मंडळी पोट धरून हसली आणि पाच डोकी दिली. फुकट! लोक जे फेकून देणार होते त्याचं हिने संध्याकाळी असं काही सार केलं, की ती चव मला पुन्हा देवगडलासुद्धा मिळाली नाही. आमसुलं हिच्या पर्समध्येच होती. प्रेशर कुकर आणायचा म्हणत होती, तो मी वजनाच्या नावाखाली जमिनीवर ठेवला.

२००९ साली माझं वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट गेलं, विमानातला वाटा विकला. तुम्ही जा. विमानाने गेलात तर बरं, पण जा.

---

प्रेषक: मास्तर, पोवे

काकांच्या मेलला थोडी पुरवणी. बाहाच्या दक्षिण भागात ही हॉटेलं आधी आली आणि रस्ता मागाहून. माजी राष्ट्राध्यक्ष आबेलार्दो रोद्रिगेस यांचा मुलगा, तोही आबेलार्दोच, स्वतः वैमानिक. त्याने १९५६ साली सान होसे देल काबोजवळ पाल्मिया हॉटेल उघडलं तेव्हा खोल्या पंधरा, आणि पोचायला विमान नाहीतर बोट. तिथवर धड रस्ताच नव्हता, म्हणून गिऱ्हाईक म्हणजे ज्याचं स्वतःचं विमान आहे किंवा ज्याच्या मित्राचं आहे तो. हॉलिवूडची मंडळी मार्लिन माशाच्या मागे यायची ती अशीच. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंतचा सतराशे किलोमीटरचा डांबरी रस्ता डिसेंबर १९७३ मध्ये खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी दक्षिण बाहाला राज्याचा दर्जा मिळाला. रस्ता आला तशा ट्रेलर ओढत येणाऱ्या गाड्या आल्या, मग काबोला जेट. धावपट्टी दारात असण्याचं महत्त्व तिथेच संपलं. काका १९७८ ला गेले म्हणजे रस्ता होऊन पाच वर्षं झाली होती. तरी ते उडत गेले, हा हौसेचा भाग.

मुलेहेच्या नदीला मात्र गरीब समजू नका. सप्टेंबर २००६ मध्ये जॉन आणि सप्टेंबर २००९ मध्ये हिमेना, दोन्ही वादळांत ती गावात शिरली होती. नोव्हेंबरात ती भीती फारशी नाही.

---

प्रेषक: काका, एल कहोन (खातं यांचं, लिहितेय काकू)

मी मंडळाच्या मेल-लिस्टवर कधी लिहीत नाही. पण ही डोक्यांची गोष्ट गेली पंचेचाळीस वर्षं प्रत्येक कोजागिरीला ऐकतेय, आणि आता ती दोनशे घरांत गेली म्हणून लिहिते.

ती डोकी कोणी फेकून देणार नव्हतं.

मी आमसुलं घेऊन आत गेले तेव्हा चुलीवर मोठं पातेलं आधीच चढवलेलं होतं. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर चिरून तयार. ‘काल्दो दे काबेसा’, डोक्यांचं सार. ते तिथल्या कामाच्या माणसांचं रात्रीचं जेवण होतं. पाहुण्यांना डुक्कर आणि तुकड्या, यांना डोकी. आणि आमचे हे दारात उभे राहून स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून मागत होते! पाहुणा मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? सातातली पाच दिली त्यांनी.

मला ते उरलेल्या दोनांवरून कळलं. देवगडला आमच्याकडे पाहुणे आले की आई काय करायची ते मी पाहिलेलं. मधल्या तुकड्या पाहुण्यांच्या पानात, आणि पाहुणे उठले की मागे चुलीपाशी डोकं आणि शेपटी घेऊन ती जेवायला बसायची. ‘मला डोकंच आवडतं’ म्हणायची. खरंच आवडत असेल. आम्ही कधी विचारलं नाही.

मी पाचही डोकी परत त्यांच्या पातेल्यात घातली. मला स्पॅनिश येत नव्हतं, त्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी पिशवी उघडून आमसूल त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या ‘तामारिंदो?’ चिंच तिकडेही असते. मी मानेने नाही म्हटलं आणि चार आमसुलं पातेल्यात सोडली. नारळ नाही, तिरफळ नाही. मुलेहेत माड दिसतात ते माड नव्हेत, मिशनऱ्यांनी आणलेला खजूर. मग मी तिथेच स्टुलावर बसून त्यांच्याबरोबर जेवले. एक वाडगं बाहेर पाठवलं.

तेव्हा अहो, तुम्ही ज्याची कौतुकं करता ते सार माझ्या हातचं नव्हे. माझी आमसुलं तेवढी.

चुला व्हिस्टाच्या रत्नागिरीकर मुलीला सांगते: आमसुलं एक पाकीट नक्की ने. रात्री गाडी चालवू नका, गुरं ऊबेसाठी डांबरावर येऊन बसतात. मुलांना गावावरच्या टेकडीवरचा जुना तुरुंग दाखवा, आता तिथे संग्रहालय आहे. तिथले बरेच कैदी दिवसा गावात कामाला जायचे आणि संध्याकाळी शंख फुंकला की आपणहून परत यायचे. आपल्या पोरांना जेवायला पाच हाका माराव्या लागतात.

आणि डोकं मागू नका. कोणी आपणहून वाढलं तर मात्र नाही म्हणू नका.

---

प्रेषक: चुला व्हिस्टाकर

काकू, बायकोने तुमची मेल दोनदा वाचली आणि आईला फोन लावलाय. अजून चालूच आहे. काका, तुम्ही ठीक आहात ना?

---

प्रेषक: काका, एल कहोन

ठीक आहे. नंतरच्या दहा खेपांना सार कोणाचं होतं, एवढंच विचारायला स्वयंपाकघरात गेलो होतो. ‘जेवायला बसा’ म्हणाली.