वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं?

शाईपेन (धागालेखिका):
पुढच्या आठवड्यात लेकीला सात पूर्ण होतील. शाळेचा निरोप आलाय, वर्गात वाटायचं ते पौष्टिक हवं, केक-चॉकलेट नको. पालकांच्या गटात त्यावरून जुंपलीये. मला नियम पटला. वर्गात 40 मुलं. सुट्टीतले वाढदिवस सोडले तरी तीसेक उरतात. ‘एका कपकेकने काय होतंय’ हे मीही म्हणत आले, पण आपल्या हिशोबात तो एकच असतो, मुलाच्या पोटात वर्षभरात तीस जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलंय की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या 10 टक्क्यांहून कमी उष्मांक यावेत, 5 टक्क्यांच्या आत राहिले तर आणखी बरं. सात वर्षांच्या मुलाला दिवसाला 1500 कॅलरी धरल्या तर 5 टक्के म्हणजे जेमतेम 19 ग्रॅम, साडेचार-पाच छोटे चमचे. आयसिंगचा थर दिलेला एक कपकेक खाल्ला की तो कोटा बहुधा संपलाच. मी कापलेली फळं द्यायचं म्हणतेय. विरोधी मतंही चालतील.

रातकिडा:
मग विरोधीच घ्या. वाढदिवस आहे की आहारशास्त्राचा तास? डब्यात काय द्यायचं, घरी काय शिजवायचं हे रोज आपल्याच हातात असतं. तिथलं सोडून मुलाच्या वर्षातल्या एका दिवसावर डोळा.

शिवाय बंदीने उलटंच होतं. फिशर आणि बर्च या संशोधक बायांनी 1999 साली लहान मुलांवर प्रयोग केला होता. खाऊ पारदर्शक बरणीत समोर ठेवायचा, पण हात लावायला थोडाच वेळ द्यायचा. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलायला लागली, तोच मागायला लागली. शाळा आता अख्ख्या वर्गासमोर तीच बरणी ठेवतेय.

खजूरवाली:
शाईपेन, +१. मी दोन वर्षं खजूर, शेंगदाणे आणि मध घालून गोळे करून देते. साखरेचा कणही नाही. साखर खाल्ली की ही मुलं कशी उधळतात ते ज्याच्या घरी आहेत त्यालाच माहीत.

रातकिडा:
माझ्या घरी दोन आहेत, ताई. साखरेविनाही उधळतात. 1995 साली अशा बऱ्याच चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. पार्टी म्हटली की मुलं उधळणारच, नाव मात्र साखरेचं.

चष्मिष्ट:
साखर कमी करायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत, दात हे पहिलं. पण खजूरवाली, तुमचा मध त्या 5-10 टक्क्यांत धरला जातो. फळांचा रससुद्धा. अख्खं फळ धरत नाहीत. आणि चिकट गोळा दातांच्या फटीत बसला की पटकन विरघळणाऱ्या गोडापेक्षा जास्त वेळ कीड पोसतो.

फळ्यासमोर:
मी शिकवते, म्हणून थोडं लांबण लागेल. तुम्ही सगळे साखरेवर भांडताय आणि मला त्या शेंगदाण्याच्या गोळ्यांची धास्ती वाटतेय. मागे माझ्या वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एक मूल होतं. एका आईने अगदी प्रेमाने ‘हेल्दी’ लाडू पाठवले. डब्यावर काही लिहिलेलं नाही, मुलाने हात पुढे केलेला. मी वेळेवर विचारलं म्हणून निभावलं. पाकिटबंद बिस्किटावर निदान घटक तरी छापलेले असतात. इन्सुलिन घेणारं मूल वर्गात असेल तर त्याच्या आईलाही एका नगात कर्बोदकं किती हे कळायला हवं असतं. घरच्या पदार्थात ते कुणी मोजून देत नाही.

फळांचं म्हणाल, तर सकाळी कापलेलं सफरचंद मधल्या सुट्टीपर्यंत काळं पडतं. लिंबू चोळून पाठवा. बालवर्गात द्राक्षं द्यायची तर उभी चिरून चार तुकडे करून. अख्खं द्राक्ष घशात अडकलं की श्वास बंद होतो. आणि काहीही पाठवायच्या आधी बाईंना दोन ओळी लिहा, एवढं तरी कराच.

खजूरवाली:
बापरे. शेंगदाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षं कुणी काही बोललंही नाही.

रातकिडा:
फळ्यासमोर यांच्या मुद्द्यावर गप्प बसतो. पण मग तो नियम सुरक्षेचा आहे, पौष्टिकपणाचा नाही. शाळेने तसं लिहावं, मी पहिली सही करतो. माझा आक्षेप चॉकलेट आणणाऱ्या पोराला वर्गात खाली मान घालायला लावण्याला आहे.

शाईपेन:
शेवटचं वाक्य पटलं. बाकीचं नाही, तीस कपकेक अजून तीसच आहेत.

आज लेकीलाच विचारलं. तिला वाटण्यात फारसा रसच नाही! बाईंच्या खुर्चीत बसून सगळ्यांना गोष्ट वाचून दाखवायची आहे. बाईंना विचारते. सोबत कलिंगडाच्या फोडी देईन, ॲलर्जीचं आधी विचारूनच.

रातकिडा:
40 पोरं आणि कलिंगड. बिया कोण वेचणार?

फळ्यासमोर:
मी नाही.