मदत हवी आहे : लाइटसेबरच्या प्रतिकृतीची पितळी नळी उभी तडकते

सर्व जाणकारांना नमस्कार.

आम्ही सहा संग्राहक मिळून १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील ल्यूक स्कायवॉकरच्या लाइटसेबरच्या, म्हणजे प्रकाशाचे पाते असलेल्या तलवारीच्या, मुठीची मापाबरहुकूम प्रतिकृती करत आहोत. ड्रॉइंग, टर्निंग आणि जुळणी यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. यात विक्रीचा हेतू नाही. खर्च सहा जणांत वाटून घेतला आहे आणि प्रत्येकाच्या कपाटात एक मूठ जाणार आहे. गेल्या पावसाळ्यात केलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन नमुन्यांची पितळी नळी उभी तडकली. त्याचे कारण मला बहुधा कळले आहे, पण उपाय करण्याआधी धातूकामातील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे, कारण आता सहा नळ्या एकदमच करायच्या आहेत आणि त्या पुन्हा तडकल्या तर मित्रांना तोंड दाखवणे कठीण होईल.

ज्यांना ही वस्तू परिचयाची नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ही मूठ मुळात कोणत्याही कारखान्यात तलवारीची मूठ म्हणून तयार झालेली नव्हती. चित्रपटाचे सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांना लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील छायाचित्रण साहित्याच्या एका दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशची जुनी हँडले मिळाली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे तयार होणाऱ्या स्पीड ग्राफिक या वृत्तछायाचित्रकारांच्या कॅमेऱ्याला हे हँडल बाजूने लावत असत. त्यात मोठे डी आकाराचे तीन सेल बसत आणि वरच्या तबकडीतील एकदाच पेटणारा बल्ब त्यावर चाले. ख्रिश्चन यांनी तबकडी काढून टाकली, खालच्या अर्ध्या भागावर टी आकाराच्या काळ्या पट्टीचे सात तुकडे चिकटवले, मधल्या क्लॅम्पमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या कॅल्क्युलेटरमधील अंकांवरची भिंगपट्टी बसवली आणि पट्ट्याला अडकवण्यासाठी बुडाशी एक डी आकाराची कडी लावली. त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणाऱ्या चौघांमध्ये ख्रिश्चन होते. इतक्या साध्या जोडकामातून इतकी देखणी वस्तू उभी राहिली, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

मूळ हँडल विकत घेऊन त्यावर पट्ट्या का चिकटवत नाही, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. पैशाचा प्रश्न आहेच, पण तो दुय्यम आहे. या एका चित्रपटामुळे जगभरातील हौशी लोकांनी असंख्य ग्राफ्लेक्स हँडले कॅमेऱ्यांपासून तोडली आणि जुन्या कॅमेऱ्यांचे संग्राहक त्याबद्दल कित्येक वर्षे हळहळत आहेत. त्यांची हळहळ मला पूर्णपणे रास्त वाटते. जो रोझेन्थाल यांनी १९४५ मध्ये इवो जिमावरील ध्वजाचे छायाचित्र स्पीड ग्राफिकनेच घेतले होते. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत स्वातंत्र्याचा काळ टिपणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्या हातातही हाच कॅमेरा असे. अशा कॅमेऱ्याचा एक अवयव आपल्या हौसेसाठी कायमचा निकामी करणे मला पटत नाही. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी आपले हँडल मापे घेण्यासाठी चार दिवस माझ्याकडे विश्वासाने ठेवले होते आणि मी ते एकही ओरखडा न पाडता परत केले. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम ठरला आहे की मूळ वस्तूला हात लावायचा नाही, जे काही करायचे ते नव्या पितळेत करायचे.

आता कामाच्या पद्धतीविषयी. बाहेरचा व्यास दीड इंचाच्या आसपास आहे, म्हणून ओढून तयार केलेली सरळ पितळी नळी आणली. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर आहे. दुकानदाराने ती ७०-३० ची असल्याचे सांगितले, म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. वरचा आणि खालचा भाग वेगळा कापून लेथवर दोन्हींची तोंडे सरळ केली, आत लाकडी मँड्रेल, म्हणजे आधाराचा दांडा, घालून वरच्या भागाची गोल कड रोलरने दाबून उठवली आणि बुडाशी चकती बसवून नळीची कड तिच्यावर आत वळवली. हे सर्व काम नळी जशी आणली तशीच, म्हणजे कुठेही तापवून मऊ न करता केले. लेथवरच्या कारागिराने कड वळवताना "साहेब, माल कडक आहे" असे एकदा म्हटले होते. ते मी तेव्हा मनावर घेतले नाही.

तीनही नमुने प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, न करता मित्रांना पाहायला दिले. एक चिपळूणला गेला, एक ठाण्याला आणि एक माझ्याकडे पुण्यात राहिला. चिपळूणचे मित्र वस्तू जपणारे आहेत. पावसाळ्यात पितळ काळवंडते म्हणून ते दर आठवड्याला पितळेचे पॉलिश लावून मूठ घासत होते. त्या पॉलिशचा डबा मी नंतर उघडून पाहिला तेव्हा अमोनियाचा वास नाकात गेला. ऑगस्टच्या शेवटी त्यांचा फोन आला की बुडाशी केस चिकटल्यासारखी एक रेघ दिसते आहे आणि ती पुसली जात नाही. मूठ हातात आल्यावर मी रेघेवरून आडवे नख फिरवले, तर ते अडकले. भिंगातून पाहिले तेव्हा रेघ आत वळवलेल्या कडेपासून सुरू होऊन सरळ वर गेलेली होती, पहिल्या दोन काळ्या पट्ट्यांच्या मधोमध, साधारण चार सेंटिमीटर. भोवती ना पोचा होता, ना वाक आलेला होता, ना धातू ताणल्याची खूण होती; काच तडकावी तसे पितळ तडकले होते. ठाण्याचा नमुनाही त्याच पॉलिशने घासला जात होता. त्यालाही अशीच, पण आखूड रेघ निघाली. माझ्याकडचा नमुना मी फक्त कोरड्या कापडाने पुसत होतो, तो आजही धड आहे.

यावरून मला वाटते की हे सीझन क्रॅकिंग आहे. या दोषाचा इतिहास आपल्या देशाशीच जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यामध्ये घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात आणि दारूगोळा न वापरताच त्यांची टोके तडकत. ऋतूनुसार हा दोष दिसे म्हणून त्याला हे नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी हवेतील ओलावा आणि थंड अवस्थेत ओढलेल्या पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांच्या संगतीने पितळ त्यातील सूक्ष्म स्फटिक-कणांच्या सीमांवरून फाटत जाते. जस्ताचे प्रमाण जास्त असलेल्या पितळेत हे लवकर घडते. आमच्याकडे यांतली एकही गोष्ट कमी नव्हती : ओढलेली ७०-३० ची नळी, वरून थंडच वळवलेली कड, कोकणातला पावसाळा आणि दर आठवड्याला अमोनियाचा हात.

केवळ तर्कावर विसंबू नये म्हणून दोन प्रयोग केले. उरलेल्या नळीतून एक इंच लांबीचे कडे कापले आणि त्याला लांबीच्या दिशेने बारीक करवतीने एक चीर दिली. करवतीचे पाते जेमतेम एक मिलिमीटरची फट पाडते, पण चीर पूर्ण होताच कडे उघडले आणि फट दीड मिलिमीटरहून अधिक झाली. म्हणजे नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागात ओढ कोंडलेली होती, हे निश्चित. दुसऱ्या प्रयोगात असेच एक कडे, चीर न देता, घट्ट झाकणाच्या बरणीत अमोनियाच्या पाण्यावर दोऱ्याने टांगून गच्चीत ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काळे पडलेले होते आणि सौम्य आम्लात धुतल्यावर त्यावर तीन उभ्या रेघा दिसल्या. या परीक्षेची पाऱ्याच्या क्षाराची जुनी पद्धतही आहे, परंतु पारा विषारी असल्याने ती घरी करण्याचा विचारही मी केला नाही आणि कोणी करू नये.

आता माझे प्रश्न.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ताण काढण्याचा आहे. पुस्तकांत अशा पितळेसाठी साधारण २६० अंश सेल्सिअसला एक तास असे दिलेले आहे. त्यात ताण निघतो, पण कडकपणा बहुतांशी टिकतो. पूर्ण अॅनिलिंग, म्हणजे खूप तापवून मऊ करणे, केले तर नळी इतकी मऊ होईल की क्लॅम्प आवळताना दबेल, त्यामुळे ते नको आहे. अडचण साधनाची आहे. घरातला ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो असे त्याच्या बटणावर लिहिलेले असले, तरी आतले तापमान त्याहून बरेच वेगळे असते. पावडर कोटिंगच्या भट्ट्या २०० अंशांच्या आसपास चालतात, त्या कमी पडतील. भोसरी आणि चाकणच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे चौकशी केली, परंतु पोलादाचे टनावारी काम करणाऱ्यांना सहा पितळी नळ्यांसाठी भट्टी लावणे परवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला समजते. कोणाच्या ओळखीत प्रयोगशाळेतील मफल भट्टी किंवा दागिन्यांच्या कामाची छोटी इलेक्ट्रिक भट्टी पुण्याच्या परिसरात आहे का? की २३० ते २४० अंशांवर अधिक वेळ, म्हणजे तीन-चार तास ठेवून तोच परिणाम साधेल? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचाच अनुभव कृपया सांगावा.

याच्याशी जोडलेला प्रश्न क्रमाचा आहे. कड वळवल्यानंतरच ताण काढला पाहिजे, हे उघड आहे, कारण तडा तिथूनच सुरू झाला. परंतु आतल्या बाजूला सेल धरणाऱ्या कड्याला मी साधा कथिलाचा टाका दिला होता आणि तो १९० अंशांच्या आतच वितळतो. म्हणून आधी कड, मग भट्टी, मग टाका आणि शेवटी प्लेटिंग, असा क्रम मी ठरवला आहे. यात काही चुकते आहे का? की आतले कडे चांदीच्या टाक्याने आधीच जोडावे? चांदीच्या टाक्याला लागणाऱ्या उष्णतेने ती जागा मऊ पडेल, अशी मला भीती वाटते.

दुसरा प्रश्न प्लेटिंगचा. वरून निकेल आणि त्यावर क्रोमचा अत्यंत पातळ थर दिला की अमोनियाचा संपर्क तुटेल आणि तडे येणार नाहीत, असे एका मित्राचे म्हणणे आहे. मला ते अर्धेच पटते. नळीच्या आत विजेचा प्रवाह नीट पोहोचत नसल्याने तिथे थर जवळजवळ बसत नाही, आतली बाजू उघडीच राहते. त्यामुळे प्लेटिंग हा ताण काढण्याला पर्याय आहे, असे मी धरत नाही. आतून लॅकर मारावे का, एवढेच विचारायचे आहे. बफिंगविषयीही सल्ला हवा आहे. एका प्लेटिंगवाल्याने पहिला कच्चा नमुना इतका घासला होता की वरच्या कडेची धार गोल झाली आणि वस्तू नळाच्या तोटीसारखी दिसू लागली. धारा न मारता बफ करणारा कारागीर पुण्यात, पिंपरीत किंवा मुंबईत कोणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपातून कळवावे. तांबट आळीतील कारागिरांचे हातकाम अप्रतिम आहे, पण त्यांचा मुख्य व्यवहार ठोकून घडवलेल्या पत्र्याचा आहे. ओढलेल्या नळीवर अशा बारीक कामाचा अनुभव तिथे कोणाला आहे का, हेही सांगावे.

काळ्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने त्या उन्हात तापलेल्या गाडीत एकदा सुटल्या. पट्टी मऊ पीव्हीसीची आहे. प्लेटिंग केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ती टिकून राहावी आणि कडेने गोंद बाहेरही दिसू नये, असा उपाय हवा आहे.

शेवटचा प्रश्न तांत्रिक नाही, पण मला तो सारखा सतावतो. मूळ हँडलच्या बुडावर कंपनीचे आणि रॉचेस्टरचे नाव उठवलेले असते. प्रतिकृती हुबेहूब हवी असेल तर ती अक्षरेही हवीत, असे आमच्यातील तिघांचे मत आहे. माझे मत वेगळे आहे. उद्या आमच्यापैकी कोणी नसेल, वस्तू जुन्या बाजारात किंवा इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचेल, आणि एखादा भाबडा संग्राहक ती १९४० च्या दशकातील मूळ म्हणून मोठ्या किमतीला घेईल. म्हणून मी बुडाच्या चकतीच्या आतल्या अंगाला 'प्रतिकृती', वर्ष आणि १ ते ६ यांतील क्रमांक खोल कोरण्याचे सुचवले आहे, जेणेकरून मांडणीत ते दिसणार नाही पण सेलची बाजू उघडताच दिसेल. बाहेरची अक्षरे ठेवावीत की नाहीत, यावर अजून एकमत झालेले नाही. नाणी, मूर्ती किंवा जुनी घड्याळे यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये याबाबत काय पद्धत आहे, ते जाणून घ्यायला आवडेल.

तडकलेली चिपळूणची नळी मी जपून ठेवली आहे. धातुशास्त्र शिकवणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कोणाला तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असेल तर मी ती आणून देईन. तडा कणांच्या सीमांवरूनच गेला आहे की नाही, याची खात्री झाली तर माझे निम्मे काम होईल. परीक्षेसाठी त्याच नळीचा साधारण दोन फुटांचा तुकडाही शिल्लक आहे. नव्या नळ्या दिवाळीनंतर कापणार आहे, तोपर्यंत येणारे प्रत्येक उत्तर मी वाचेन आणि भट्टीचा प्रयोग झाला की त्या कड्यांना पुन्हा चीर देऊन आलेली मापे याच धाग्यावर लिहीन.