मदत हवी आहे: १९७० ची एमजीबी जीटी गरम झाली की बंद पडते, कार्बोरेटरमधून पेट्रोलही गळतंय

मिडलंड्सवासी

नमस्कार मंडळी. गाडी १९७० ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, एसयू कंपनीचे जुळे एचएस४ कार्बोरेटर, लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर, पॉइंट (स्पार्कसाठी करंट तोडणारा स्विच) आणि कंडेन्सरवालाच. लेस्टरला घरच्या गॅरेजात असते, कामं घरीच करतो. लक्षणं अशी:

थंड असताना चोकवर लगेच सुरू होते. वीसेक मिनिटं चालली की मिसिंग (इंजिन अडखळणं) सुरू, मग बंदच. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. मागच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल थेंब थेंब पडतं. इग्निशन ऑन करून इंजिन सुरू न करता ठेवलं, तर पेट्रोल पंपाची टिकटिक थांबत नाही, सेकंदाला एक चालूच. चारही प्लगवर कोरडी काजळी, मागच्या दोनांवर जास्त.

प्लग एनजीके बीपी६ईएस, गॅप २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप एकाच किटमधून नवे घातलेत. कॉइल आधीच्या मालकाने बसवलेली, तिच्यावरचं लेबल गेलंय. दोन्ही कार्बोरेटर उतरवून रीबिल्ड किट घालावं असं मनात आहे. घालू का?

अर्धा_इंची

किट आत्ता मागवू नका. हे एक दुखणं नाही, दोन आहेत, आणि दोघांचा बहुतेक एकमेकांशी संबंध नाही.

आधी गळती. ती थांबेपर्यंत गाडी सुरूच करायची नाही. या इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बरोबर डोक्यावर बसतात. ओव्हरफ्लोच्या नळ्या खाली, एक्झॉस्टपासून लांब सोडलेल्या असतात त्या याचसाठी. तुमच्या जागेवर आहेत का ते बघा, बऱ्याच गाड्यांत कोणीतरी काढून टाकलेल्या असतात. शेजारी फायर एक्स्टिंग्विशर हवाच.

न थांबणारी टिकटिक तेच सांगतेय. एसयूचा पंप फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) भरली की दाब चढून थांबतो. नंतर अर्ध्या मिनिटाने एखादी टिक आली तर चालतं. सेकंदाला एक येतेय म्हणजे पेट्रोल कुठेतरी वाहतंय, आणि कुठे ते तुम्हाला दिसतंच आहे. मागच्या चेंबरचा नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) बसत नाहीये.

बॅटरीची आर्थ वायर काढा. फ्लोट चेंबरच्या झाकणाचे तीन स्क्रू. काढण्याआधी झाकण आणि चेंबर दोन्हींवर खूण करा, नाहीतर ओव्हरफ्लोची नळी भलत्या दिशेला बसते. फ्लोटची पिन एका टोकाला खरखरीत असते, त्याच टोकाकडून ओढायची. उलटीकडून ठोकली तर झाकणाचा कान तुटतो, आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फेकून द्या. खळखळलं नाही तरी गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा. मग नीडल: टोकावर गोल खाच उमटली असेल तर सीटसकट बदला, टोकाला व्हायटन (पेट्रोल सोसणारं रबर) असलेली मिळते. सीट पितळी आहे, जोर लावायचा नाही. बसवून झाल्यावर झाकण उलटं धरा म्हणजे फ्लोटच्या वजनाने व्हॉल्व्ह बंद होतो, आणि इनलेटला स्वच्छ नळी लावून फुंका. हवा अजिबात जाता कामा नये.

उंची: झाकण उलटंच ठेवून फ्लोट आणि झाकणाची कड यांत ⅛ ते ३⁄१६ इंच अंतर. ⅛ इंची ड्रिल बिट आडवं सरकवून बघता येतं. फ्लोटला धातूची पट्टी असेल तर ती हलकेच वाकवा. अख्खा प्लॅस्टिकचा असेल तर वाकवायला जागाच नाही, व्हॉल्व्ह सीटखाली वॉशर घालून जमवतात.

ग्रीसगन

गळतीचं पटलं. बंद पडण्याबद्दल माझा पहिला संशय त्या किटवरच. आजकालचे स्वस्त कंडेन्सर गरम झाले की दम तोडतात. मी तर म्हणतो पॉइंटच काढून टाका, डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घाला, कटकट मिटेल.

अर्धा_इंची

@ग्रीसगन, मॉड्यूलला विरोध नाही, पण आजार कळायच्या आधी नको. उद्या गाडी पुन्हा थांबली तर शोधायला आणखी एक वस्तू वाढलेली असेल. पॉइंट रस्त्यात घासून घरी येता येतं, मॉड्यूल गेलं की टोइंगच. शिवाय मॉड्यूललाही कॉइल योग्य ओहमचीच लागते.

कंडेन्सर असू शकतो, मान्य. पण मला जास्त खुपतेय ती बिनलेबलची कॉइल. मिडलंड्सवासी, कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढून + आणि − मध्ये रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. तुमच्या गाडीला ३ ओहमच्या आसपास हवा. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टवाल्या (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर असलेल्या) गाड्यांसाठी, म्हणजे काळ्या रबर बंपरच्या पुढच्या एमजीबींसाठी. तुमच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट नाही. तीच लावली तर करंट दुप्पट: कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट करपतात, वीसेक मिनिटांत स्पार्क मरतो, गार झाली की परत येतो. तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतं.

गळती बंद करून, सांडलेलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच पुढचं: गाडी बंद पडली की त्याच क्षणी कॉइलची मधली लीड कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून ६ मिमीवर धरा आणि स्टार्टर मारायला सांगा. जाड निळा स्पार्क आला तर दोष पेट्रोलकडे. पिवळा, बारीक किंवा काहीच नाही तर दोष विजेकडे. तीच लीड रोटर जागेवर असताना त्याच्या मधल्या पितळेपासून ३ मिमीवर धरून पुन्हा स्टार्टर. तिथे स्पार्क उडी मारतोय म्हणजे रोटर आतून फुटलाय, करंट शाफ्टमध्ये जातोय. रिव्हेट असलेल्या स्वस्त रोटरांची ही जुनी खोड.

डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर आतली बेसप्लेटची (पॉइंट बसतात ती प्लेट) आर्थ वायर ओढून बघा. व्हॅक्यूमने प्लेट सतत हलते आणि वायर कापडाच्या आवरणातच तुटते, बाहेरून दिसत नाही.

मिडलंड्सवासी

मोजलं. कॉइल १.६ ओहम! पॉइंट काळेनिळे. बेसप्लेटची वायर शाबूत, रोटरवर स्पार्क उडी मारत नाही.

मागचं झाकण उघडलं तर नीडलच्या सीटमध्ये काळा रबरी भुगा अडकलेला. फ्लोट ठीक. पुढच्या चेंबरच्या तळाशीही तसाच भुगा.

अर्धा_इंची

म्हणजे होज आतून कुजतायत. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१०% इथेनॉलवालं) आहे, जुन्या रबराला ते सोसत नाही. नुसती सीट पुसून भागणार नाही, महिन्याभरात पुन्हा गळेल. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदला. ¼ इंची, वर ‘एसएई जे३० आर९’ छापलेली. नुसतं ‘फ्युएल होज’ लिहिलेली घेऊ नका. नळीत रुतणारे वर्म-ड्राइव्ह क्लॅम्प नकोत, गुळगुळीत पट्टीचे घ्या. पंपाजवळची नळी विसरू नका, मागच्या ॲक्सलच्या पुढे उजव्या हाताला आहे. पुढे ई५ वालं सुपर भरा, मिळतं.

कॉइल ३ ओहमची, पॉइंट नवे, गॅप १५ थाऊ. पॉइंट बसवताना कंडेन्सरची आणि लो-टेन्शनची (कॉइलकडून येणारी बारीक) अशा दोन्ही वायरींची टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, प्लेटला नाही. प्लॅस्टिकचं बुश उलटं बसलं तर स्पार्कच येत नाही.

टॅपेट

आणि हे सगळं झाल्यावरच कार्बोरेटरच्या नटांना हात लावा. क्रम बदलला तर दिवसभर स्क्रू फिरवत बसाल.

टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट इंजिन थंड असताना १५ थाऊ. नऊची बेरीज: पुढून मोजत ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना १ नंबरचा बघायचा, ६ उघडा तर ३, असं. टायमिंग स्टॅटिक (इंजिन बंद असताना) १०° बीटीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर पोचण्याआधी, स्ट्रोबवर (टायमिंगच्या दिव्याने) ६०० आरपीएमला १४°, व्हॅक्यूमची नळी काढून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो.

मग इंजिन पूर्ण गरम करा. दोन्ही थ्रॉटलना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा, चोकची केबलही. पाऊण मीटर रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा सूंऽऽ आवाज सारखा होईपर्यंत आयडल स्क्रू फिरवा. जेटचे नट दोन्हीकडे आधी पूर्ण वर, मग षट्कोनी नटाचे १२ पैलू खाली, म्हणजे बरोबर दोन फेरे. खाली म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), वर म्हणजे लीन (पेट्रोल कमी). त्यानंतर बाजूची पिन दाबून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला: आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, लगेच पडला तर लीन, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. एका वेळी एक पैलू, त्याहून जास्त नाही.

दोन कार्बोरेटरांचे डॅशपॉट (पिस्टनवरची घुमटी) आणि पिस्टन एकमेकांत अदलाबदल करू नका, जोडी कारखान्यात जुळवलेली असते. डॅम्परमध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू५०, पिस्टनच्या पोकळ दांडीच्या टोकावर साधारण १३ मिमी. पिस्टनच्या बाहेरच्या कडेला मात्र तेलाचा थेंबही नको, नाहीतर तो चिकटतो.

कार्बोरेटर कधी उतरवलेच तर मॅनिफोल्ड आणि हीट शील्ड यांच्यामधले इन्सुलेटर ब्लॉक आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची पॅकिंग नवी घाला. कुणी ते गाळलं असेल तर उन्हाळ्यात चेंबरमधलं पेट्रोल उकळतं.

कोथरूडकर_मायनर

धागा उत्तम. इथे पुण्यात मॉरिस मायनर आहे, एकच एसयू. पंपावर आता ई२० मिळतं. हेच लागू होईल का?

अर्धा_इंची

होज तेच, आर९. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण लीन पडतं, पिन उचलून बघा, बहुधा जेट एक-दोन पैलू खाली घ्यावा लागेल. गाडी महिनामहिना उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा आतून गंजतो.

कॉइलचं मात्र जपून. मायनर मूळची पॉझिटिव्ह आर्थ (बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेली). तुमची तशीच असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलच्या + ला येते, − ला नाही. वर ग्रीसगन म्हणतात ते मॉड्यूल घ्यायचं ठरलं, तर पॉझिटिव्ह आर्थचं वेगळं मागा. चुकीचं लावलं तर पहिल्या किल्लीलाच जळतं.