पेमेंट उद्योगाच्या संघटनेत सामील व्हायचं आहे, नेमकं कोणत्या?

वसुलीखाते (धागाकर्ता)

आमची पुण्यातली १४ जणांची कंपनी आहे. शाळा, क्लासेस आणि गृहनिर्माण सोसायट्यांना ऑनलाइन फी भरून घेण्याचं सॉफ्टवेअर देतो. पैसे आमच्या खात्यात येत नाहीत. परवानाधारक पेमेंट ॲग्रिगेटर ते गोळा करतो आणि संस्थेच्या खात्यात टाकतो. आता एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या निविदेत 'पीसीआय असणे बंधनकारक' अशी अट आली आहे. संचालक म्हणतात, संघटनेचं सदस्यत्व घेऊन टाका, अटही पूर्ण होईल आणि वर ओळखीही होतील. पैसे भरण्याआधी विचारतो: कोणती संघटना, लहान कंपनीला त्यातून काय मिळतं, आणि अर्ज करताना काय तपासायचं?

टी_प्लस_वन

थांबा, आधी निविदा नीट वाचा. तिथे मागितलेला 'पीसीआय' जवळजवळ नक्की पीसीआय डीएसएस आहे, म्हणजे कार्डाची माहिती सांभाळण्याचं सुरक्षा-मानक. संघटनेचं नाव पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया, तिचंही लघुरूप पीसीआयच. तिसरी एनपीसीआय, यूपीआय आणि रुपे चालवणारी. नावात घोळ, कामात काडीचा संबंध नाही. संघटनेची पावती निविदेला जोडलीत तर तांत्रिक छाननीतच बाद व्हाल.

मानकाची चालू आवृत्ती ४.०.१. तुम्ही व्यापारी नाही, 'सेवा पुरवठादार' आहात, त्यामुळे स्वमूल्यांकनाची लहान प्रश्नावली 'सॅक ए' तुम्हाला चालत नाही. इथे बरेच जण फसतात, कारण कार्ड क्रमांक ॲग्रिगेटरच्या पानावर टाकला जातो म्हणून 'सॅक ए' पुरेल असं वाटतं. सेवा पुरवठादारांसाठी 'सॅक डी' ही एकच प्रश्नावली आहे. कार्ड क्रमांक तुमच्याकडे साठत नसेल तर तिच्यातले बरेच मुद्दे 'लागू नाही' होतात, पण प्रत्येकासमोर कारण लिहावं लागतं. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत वर्षाला ३ लाखांपेक्षा जास्त कार्ड व्यवहार झाले की बाहेरच्या मान्यताप्राप्त ऑडिटरचा अहवाल लागतो. निविदेला जोडायचा कागद म्हणजे 'अटेस्टेशन ऑफ कम्प्लायन्स', मानक पाळल्याचं स्वाक्षरीचं घोषणापत्र.

परिपत्रकवाचक

वरच्याशी सहमत. आता संघटनांकडे.

पहिला प्रश्न एकच: ग्राहकाचा पैसा तुमच्या ताब्यात येतो का? रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲग्रिगेटर (पैसा हाताळणारा) आणि गेटवे (फक्त तंत्रज्ञान पुरवणारा) वेगळे केले ते यावरच. पैसा हाताळणाऱ्या बिगर-बँक ॲग्रिगेटरला परवाना, एस्क्रो खातं (ग्राहकांचा पैसा वेगळा ठेवायचं बँक खातं) आणि अर्जाच्या वेळी १५ कोटी, पुढे २५ कोटी नक्त मूल्य लागतं. नुसतं तंत्रज्ञान पुरवणाऱ्याला यातलं काही लागत नाही. तुम्ही दुसऱ्या गटात.

पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया २०१३ मध्ये इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशनच्या छत्राखाली सुरू झाली. बिगर-बँक पेमेंट कंपन्यांचं गाऱ्हाणं रिझर्व्ह बँकेपुढे नि सरकारपुढे मांडणं हे तिचं काम. स्वयंनियामक संस्था, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने आपल्याच सदस्यांवर नियम लावणारी, ही वेगळी गोष्ट. पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्यांसाठी तिची चौकट ऑक्टोबर २०२० मध्ये आली. तिथे सदस्याला आचारसंहिता पाळावी लागते. फेस ही फिनटेकची मान्यताप्राप्त स्वयंनियामक संस्था (ऑगस्ट २०२४), पण तिचा भर डिजिटल कर्जावर, तुमच्या उपयोगाची नाही.

माझं स्पष्ट मत: कोणत्याही संघटनेचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. वेबसाइटवर बोधचिन्ह लावून 'रिझर्व्ह बँक मान्य' असा भास निर्माण केलात तर अडचणीत याल.

वसुलीखाते

डोळे उघडले. निविदेचं काम वेगळं काढतो. पण नियम बदलले की आम्हाला शेवटी कळतं, त्यासाठी तरी संघटना हवीच ना?

टी_प्लस_वन

नुसतं कळण्यासाठी नको. रिझर्व्ह बँकेचे मसुदे संकेतस्थळावर 'कनेक्ट टू रेग्युलेट'मध्ये खुले असतात, तिथे तुम्ही थेट अभिप्राय देऊ शकता, फुकट. संघटना कामी येते ती मुदती हलवायच्या असतील तेव्हा. कार्ड टोकनायझेशनचंच बघा (खऱ्या कार्ड क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक साठवणं): डिसेंबर २०२१ अखेरची मुदत उद्योगाच्या निवेदनांनंतर आधी जून २०२२ आणि मग सप्टेंबर २०२२ पर्यंत गेली. एकट्या १४ जणांच्या कंपनीचं पत्र तेवढं हलवत नाही.

पण संघटनेच्या बैठकीला माणूस पाठवायचा तो परतावे, चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत परत मागितलेले पैसे), फेल झालेले व्यवहार रोज बघणारा. विक्रीवाला गेला तर व्हिजिटिंग कार्डं वाटून परत येतो. अभिप्रायाचा तक्ता चार रकान्यांचा ठेवा: कलम क्रमांक, सध्याचं वाक्य, सुचवलेलं वाक्य, कारण. कारणात 'अडचण होईल' लिहू नका. किती टक्के व्यवहार अडतील, बदलाला किती आठवडे लागतील हे लिहा. आकडे एकत्रित द्या, ग्राहकाचं नाव येऊ देऊ नका.

जमाखर्च

अर्जाआधी लेखी विचारायच्या गोष्टी: शुल्क उलाढालीच्या टप्प्यांवर आहे का, मूळ संघटना आणि समिती यांचं शुल्क वेगळं का, ते एप्रिल-मार्चचं का (तसं असेल तर जानेवारीत पूर्ण वर्षाचं भरू नका), तुमच्या श्रेणीला मतदान आहे का, समित्या सर्व सदस्यांना खुल्या आहेत का, निवेदनात असहमती नोंदवता येते का, आणि बाहेर पडायला किती दिवसांची सूचना. यातला मतदानाचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत आणि मग वर्षभर फक्त ईमेल वाचत बसतात.

कागद साधारण हेच: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी क्रमांक, संचालक मंडळाचा ठराव, एक मुख्य आणि एक पर्यायी प्रतिनिधी. शुल्कावर जीएसटी लागतो. क्लबच्या सदस्यत्वावरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) कायद्याने बंद आहे. उद्योग संघटना त्यात मोडत नाही असं बहुतेक सीए मानतात, तरी आपल्या सीएचं मत ईमेलवर घेऊन ठेवा.

आणि एक जपा. बैठकीत कोणी 'आपण सगळे अमुक टक्केच आकारू' म्हणालं तर तिथेच आक्षेप नोंदवा, इतिवृत्तात घ्यायला लावा आणि उठून या. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये संघटनेत झालेला दरनिर्णयही येतो. चहाच्या वेळी झालेली कुजबुजही त्यातून सुटत नाही.

परिपत्रकवाचक

ब्राउझरमधल्या चेकआउटच्या तांत्रिक बाबतीत रस असेल तर वेबची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा वेब पेमेंट्स कार्यगट आहे. त्यात बसायला सदस्यत्व लागतं, पण त्यांच्या गिटहबवर मुद्दा कोणीही मांडू शकतो आणि कम्युनिटी ग्रुपना शुल्क नाही. तुमच्या डेव्हलपरला आधी तिथेच सहा महिने राहू द्या.