१९९४ ची काँटेसा क्लासिक, साडेचार लाख मागतायत, घ्यावी का?

केपेंकर_९०:
नमस्कार मंडळी. गोव्यात लोटलीला एका जुन्या घराच्या मागच्या शेडमध्ये काँटेसा क्लासिक उभी आहे, १.८ पेट्रोल, १९९४ ची, जीए ०२ पासिंग, पांढरी. मूळ मालक चार वर्षांमागे वारले, मुलगा लिस्बनला, इथे त्याची भाची किल्ली घेऊन येते आणि दाखवते. मागणी साडेचार लाख. लहानपणी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे होती हीच गाडी, ते चार गोल दिवे गल्लीत वळले की आम्ही क्रिकेट थांबवायचो, त्यामुळे मी शुद्धीत नाही हे आधीच सांगतो 😅
भाची म्हणते दोन वर्षांमागे नवा रंग मारून घेतलाय, आणि रंग खरंच चकाचक आहे, तोंड दिसतं त्यात. मी गेलो तेव्हा पहिल्या सेल्फला लागली पण. सीट ठीक, छताचं कापड लोंबतंय, एसी नुसता वारा देतो. मीटर ७१ हजार. ऑनलाइन लोक इंडियन मसल कार म्हणून हिचे काहीही भाव सांगतात. नक्की काय बघू आणि कितीला बोलू? माझं बजेट काम धरून पाच.

पत्रा_कापे:
पहिला प्रश्न, पोचल्यावर बॉनेटला हात लावलास का? एवढी उभी राहिलेली कार्ब्युरेटरवाली गाडी पहिल्या सेल्फला लागते म्हणजे तू यायच्या आधी कोणीतरी ती लावून गरम करून ठेवली होती बाबा. पुढच्या वेळी भाचीला सांग, मी येईपर्यंत बॅटरी जोडू नका.
इंजिनाचं मला तेवढं टेन्शन नाही, हिचं इसुझूचं इंजिनच अँबॅसिडर १८०० आयएसझेडला पण होतं, त्यामुळे फिरलास तर पार्ट मिळतात आणि हात घालणारा मेस्त (मेकॅनिक) पण मिळतो. खरा खेळ पत्र्याचा. हिला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, म्हणजे खालचा पत्रा सडला तर गाडीच सडली. आणि लोटलीचे चार पावसाळे, शेडला भिंती तरी आहेत का?
घरून फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा, मऊ फडक्यात गुंडाळ नाहीतर रंगावर चरे पडतील आणि भाची ओरडेल. दरवाजांच्या खालच्या चार बोटांवरून, चाकांच्या कमानींवरून, पुढच्या काचेच्या खालून हळूहळू सरकव. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी. मग पायाखालचं कार्पेट उचल. काचेच्या बीडिंगचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि कार्पेटखाली मुरतं, वरून काही कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ, टण् वाजायला हवं, थप् आलं की समजून जा. शेवटी जॅक लावायची जागा. माझ्या पहिल्या जुन्या गाडीला मी हौसेने जॅक लावला तर जॅक वर गेला आणि गाडी तिथेच.

चोर्ला_सेकंड_गिअर:
मसल कार म्हणून कोण भाव चढवत असेल तर हसून सोडून दे. मसल कार म्हणजे अमेरिकेतली मोठ्या इंजिनाची गाडी, १९६४ च्या पाँटियाक जीटीओत ३८९ क्युबिक इंचांचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन होतं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपली काँटेसा १९८४ ला आली ती अँबॅसिडरचं दीड लिटर इंजिन घेऊन (इसुझूचं १.८ मागाहून आलं), घाटात कदंबची बस मागून हॉर्न मारायची. बॉडी पण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची जुनी. दिसते मात्र भारी, ते मान्य 😍
पण अमेरिकेतल्या लोकांची एक सवय घेण्यासारखी आहे, ते आधी नंबर बघतात, इंजिन मूळचंच आहे की बदललेलं, त्यावर किंमत हलते. तूही इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघ. कित्येक काँटेसांत मागाहून डिझेल बसवलंय आणि कागदावर अजून पेट्रोलच.

केपेंकर_९०:
आज परत जाऊन आलो. बॉनेट थंडगार, चोक ओढून बारा-पंधरा सेल्फ मारले तेव्हा लागली, निळा धूर आला पण मिनिटाभरात गेला. नंबर जुळले. टायरवर ०९१४ आहे, म्हणजे २०१४ च्या नवव्या आठवड्यातले. चुंबक मागच्या डाव्या कमानीवर वीतभर जागेत पकडतच नाही. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली कार्पेट उचललं तर डांबरासारखं काळं काहीतरी फासलंय, अंगठ्याने दाबलं तर आत गेलं. भाची बिचारी म्हणाली, मामाला सांगू नका हां मी कार्पेट काढू दिलं म्हणून.

पत्रा_कापे:
निळा धूर येऊन गेला म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह सील, उभ्या गाडीत कडक होतात, त्याचं एवढं नाही. तरी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मापून घे, चारही सिलिंडर जवळपास सारखे यायला हवेत. ते काळं मात्र सडका पत्रा झाकायलाच फासलंय. फ्लोअर कापून नवा पत्रा, कमान, त्यावर परत रंग, शिवाय टायर, ब्रेकचे सिलिंडर, सगळे होज, पेट्रोल टाकी धुणं. मी दीड-दोन लाख बाजूला ठेवले असते. वरचा चकाचक रंग किमतीत धरू नकोस, तो तुला कापायचाच आहे. दोनच्या आसपास बोल.

आरटीओची_रांग:
पत्र्याचं झालं, आता कागद. आरसी वारलेल्यांच्याच नावावर असेल तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर मुलाची सही चालणार नाही, आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाकडे, मग तुझ्याकडे. आणि गोव्यात मुलगा म्हणजे सगळं त्याचंच असं नसतं, मालकांची बायको हयात असेल तर बहुतेक करून अर्धी गाडी तिची, बाकीची मुलं असतील तर त्यांचाही वाटा, सगळ्यांची संमती लेखी घे. दुसरं म्हणजे १९९४ ची असेल तर पंधरा वर्षं २००९ ला संपली, पुढे पाच-पाच वर्षांनी, म्हणजे २०२४ लाही रिन्यूअल यायला हवं होतं, तेव्हा गाडी शेडमध्ये होती. फी २०२२ ला पाच हजार झालेली, २०२५ ला वीस वर्षांवरच्यांना दहा केली, वर उशिराचा दंड. आणि इन्स्पेक्टर गाडी उभी करून बघतो, त्या फ्लोअरवर पासिंग अवघड. नावावर होईपर्यंत टोकनशिवाय पैसे देऊ नको.

केपेंकर_९०:
मुलाला व्हॉट्सॅप केला, दोन वीस सांगितले आणि फ्लोअरचा फोटो पाठवला (कार्पेट मीच ओढलं म्हणालो). दोन दिवस निळी टिक, काल उत्तर आलं. पप्पा आम्हाला त्यात कोलव्याला न्यायचे, तीनच्या खाली देणार नाही, पण आई आणि बहीण सही करतील आणि पासिंग होईपर्यंत अर्धेच द्या. रविवारी मेस्तला घेऊन जातोय, कॉम्प्रेशन मापायला. कोण येतंय का?

पत्रा_कापे:
येतो. चुंबक मोठं आणतो.